सेनापतींच्या गावात लष्कराच्या भाकऱ्या

आमचं तळेगाव म्हणजे सरसेनापतींचं गाव. शाहू महाराजांनी 1717 साली खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिलं, पुढे त्यांच्या पत्नी उमाबाईंनी तर सगळा कारभार पदर खोचून स्वतः चालवला, आणि 'दाभाडे' हे आडनाव गावाला जे चिकटलं ते आजतागायत. तेव्हा लष्कराच्या भाकऱ्या भाजायची परंपरा इथे निदान तीनशे वर्षांची असणार, यात मला शंका नाही. पण त्या तीनशे वर्षांत माझ्याइतकी करपलेली भाकरी कोणी भाजली असेल असं वाटत नाही.

मी मूळचा क्वालिटीवाला. चाकणकडच्या एका कारखान्यात गाडीच्या ब्रेकमधली एक चकती मायक्रोमीटरने मोजण्यात हयात गेली. जाडी बरोबर असली की हिरवा शिक्का, चुकली की लाल, आणि लाल शिक्क्यामागचं कारण शोधायला मीटिंग. निवृत्त झालो तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मायक्रोमीटर मात्र कंपनीने ठेवून घेतला, आणि तिथूनच आमच्या घरच्यांच्या हालांना सुरुवात झाली, कारण मोजायला काही उरलं नाही की क्वालिटीवाला स्वयंपाकघरात शिरतो. मी डब्यांना लेबलं लावली, 'मोहरी, किमान साठा पाव किलो' वगैरे, पोळपाटाची जागा ओट्यावर पिवळी पट्टी चिकटवून आखून दिली, आणि एका सकाळी कुकरच्या शिट्ट्यांचा तक्ता फ्रिजवर लावत असताना सौ.ने माझ्यादेखत फोन उचलून भिशीतल्या मैत्रिणीला विचारलं, "तुमच्या त्या संस्थेला माणूस हवा होता ना? आमच्याकडे एक आहे. नाही हो, पगार कसला? तुम्ही मागाल तर आम्हीच देऊ."

संस्था स्टेशनच्या बाजूला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, दोन खोल्यांत. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावरचे चष्मे आपापले चालू लागतात, आणि कपाटातल्या फायलींवर ज्वारीचा बारीक थर बसतो. कुठली फाइल किती दिवसांत उघडलेली नाही हे बोट फिरवून सांगता येतं. काम मात्र दोन खोल्यांत मावणारं नाही. आसपासच्या वीटभट्ट्यांवर आणि टॉवरांच्या बांधकामांवर मजुरांच्या मुलांचे वर्ग, आंदर मावळातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर बालवाड्या, बायकांचे बचतगट, आणि पावसाळ्यात कोणाच्या घरावरचा पत्रा उडाला तर तोही. एवढ्याला माणसं किती, तर भट्टीवरच्या ताई, वाडीवरच्या ताई, हिशेबाच्या ताई, जीपवाले मामा आणि एमएसडब्ल्यू झालेली दोन पोरं. ही पोरं रुजू झाली तेव्हा व्यवस्था बदलायला निघाली होती म्हणे. मी गेलो तोवर झेरॉक्स मशीन बदलून मिळालं तरी चालेल इथपर्यंत आली होती.

अध्यक्षांनी मला 'मानद सल्लागार, मनुष्यबळ व प्रेरणा' असं पद दिलं. मानद म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. सल्लागार म्हणजे काय ते त्यांना अजून ठाऊक व्हायचं होतं.

कारखान्यात नवीन जागी गेलं की आधी 'फाइव्ह एस' करायचं, ही जपानी शिकवण माझ्या हाडीमाशी खिळलेली. नको ती वस्तू शोधायची, तिला लाल टॅग लावायचा आणि टॅग लागलेली वस्तू महिनाअखेर भंगारात. मी घरून टॅगांची गड्डी घेऊनच गेलो होतो. मोडकी खुर्ची, मुदत संपलेली पावतीपुस्तकं, न चालणारा प्रिंटर, न चालणारा प्रिंटर दुरुस्त होईल म्हणून ठेवलेला त्याच्याही आधीचा प्रिंटर, सगळ्यांना टॅग. भट्टीवरच्या ताईंच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. हलवला तर आत खुळखुळलं. उघडला तर कागदाच्या बारीक बारीक पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव. मी म्हटलं, बियाणं असेल, कीड लागेल, आणि टॅग लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी ताई टॅग हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या.

"काका, हे अनावश्यक आहे?"

"ताई, दोन वर्षांत न वापरलेलं सामान..."

"दात आहेत ते. पोरांचे. दुधाचे."

मग कळलं ते असं. पडलेला दात आपण लहानपणी कौलांवर टाकायचो. भट्टीवरच्या खोपटाला कौलं कुठली? वर पाचट, नाहीतर निळं प्लास्टिक. तिथे टाकलेला दात दुसऱ्या दिवशी चुलीपाशी सापडतो. म्हणून पोरं दात ताईंकडे आणून देतात, तुमच्या घराला कौलं आहेत ना, तुम्ही टाका. ताई राहतात यशवंतनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात. त्यांनाही कौलं नाहीत, पण हे पोरांना सांगणार कोण? म्हणून डबा. मी टॅग काढून खिशात घातला. पुढे बरेच दिवस त्या समोरून आल्या की मी कपाटाच्या आत काहीतरी शोधत असायचो.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर संस्थेचं भलं झालं असतं. पण मार्च आला.

मार्च महिन्याचं महत्त्व शहरी वाचकाला सांगायला हवं. 2013 च्या कंपनी कायद्यात 135 वं कलम आलं, आणि ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग पडलं. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना तोटा नाही. ज्यांना आहे त्यांच्याकडून दोन टक्के मागायला कोणी जात नाही. बाकीच्यांना वर्षभर गाड्या, सुटे भाग, फोर्कलिफ्ट यांतून डोकं वर काढायला सवड नसते, आणि फेब्रुवारी संपता संपता एकदम समाज आठवतो. तसे एका कंपनीचे साहेब एक दिवस आमची माडी चढून आले, खुर्चीवरचं पीठ रुमालाने झटकून बसले आणि म्हणाले, "या वर्षी आमची थीम आहे मेंटल वेलनेस. तुमच्या कार्यकर्त्यांसाठी काहीतरी करा. मोटिव्हेशन वगैरे. फक्त एकतीस मार्चच्या आत."

हिशेबाच्या ताईंनी विचारलं, "त्यातून पगार होतील का? दोन महिन्यांचे राहिलेत."

"पगार थीममध्ये बसत नाही," साहेब म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. पदाच्या नावात 'प्रेरणा' असलेला माणूस मीच होतो.

मी झपाटून अभ्यासाला लागलो. रात्री उशिरापर्यंत मोबाइल डोळ्यांशी धरून वाचायचो. कळलं की 'बर्नआउट' म्हणून जे प्रकरण आता आयटीतल्या पोरांच्या तोंडी असतं, ते मुळात समाजसेवेतूनच निघालेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसतज्ज्ञ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री गोरगरिबांच्या मोफत दवाखान्यात राबायचे. तिथले स्वयंसेवक उत्साहाने येतात आणि काही महिन्यांत विझून जातात, हे त्यांनी पाहिलं आणि 1974 मध्ये त्यावर लेख लिहिला. पाहिलं म्हणजे काय, स्वतःच विझले होते. घरच्यांबरोबर सुट्टीवर निघायच्या दिवशी गृहस्थाला अंथरुणातून उठताच येईना. शेवटी त्यांनी टेपरेकॉर्डरसमोर स्वतःची कैफियत मांडली आणि ती टेप स्वतःच ऐकली, परक्या रुग्णाची ऐकावी तशी. पुढे बर्कलीच्या क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी मोजमापाची प्रश्नावलीच केली. तीन खुणा सांगितल्या: अंगातलं त्राण संपणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दलच मन कोरडं पडणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याला आपल्या यादीत जागा दिली, तीही आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून.

मोजमाप म्हटल्यावर मला राहवेना. मी तिन्ही खुणा स्वतःवर लावून पाहिल्या. त्राण संपलेलं होतं, गिरणीचा जिना चढल्यावर तर फारच. समाजाबद्दल मन कोरडं पडलेलं होतं, विशेषतः आमच्या फाटकासमोर गाडी लावणाऱ्या समाजाबद्दल. हातून काही होत नाही ही भावना तर लग्नानंतर लगेचच घरच्यांनी रुजवलेली. मी सौ.ला हलवून उठवलं. म्हटलं, "अगं, मला बर्नआउट झालंय."

ती कूस बदलत म्हणाली, "जळायला आधी पेटावं लागतं. दिवा मालवा."

तरी मी फ्रॉइडनबर्गरांचा प्रयोग करायचं ठरवलं. मोबाइलवर स्वतःचं बोलणं टेप केलं. संथ आवाजात, मनातलं सगळं: मायक्रोमीटर, निवृत्ती, मोहरीचा किमान साठा, सगळं. मग कानाला लावून ऐकायला बसलो. ऐकता ऐकता जी झोप लागली ती सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा उतरली. या टेपचं पुढे काय झालं ते सांगतोच.

साहेबांच्या थीमसाठी मी कार्यकर्त्यांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. पण शिबिराआधी दुखण्याचं मूळ शोधायला हवं, म्हणून मी मीटिंग बोलावली. संध्याकाळी सहाला, म्हणजे वर्ग आटपून सगळे घरी जायला निघतात त्या वेळेला. भिंतीवर मोठा कागद लावून माशाच्या काट्याची आकृती काढली. कारखान्यात हिला इशिकावा आकृती म्हणतात. डोक्याच्या जागी लिहिलं 'थकवा'. मामा म्हणाले, "बांगडा आहे का?" मी दुर्लक्ष केलं आणि टोयोटाचं प्रसिद्ध तंत्र सांगितलं: पाच वेळा 'का' विचारायचं, की मूळ कारण आपोआप वर येतं.

"भट्टीवरचे कार्यकर्ते थकतात. का?"

"घरी पोचायला रात्र होते म्हणून," भट्टीवरच्या ताई म्हणाल्या.

"का?"

"वर्ग सुटल्यावर परत ऑफिसला यावं लागतं."

"का?"

"पोरांचे फोटो जिओटॅगसकट भरायचे असतात. तीन देणगीदार, तिघांचे तीन तक्ते."

"ते पूर्वीही होते. मग आत्ताच उशीर का?"

"आता चौथा तक्ता आलाय. रोजचा. उत्साह एक ते दहा, प्रेरणा एक ते दहा, आणि दोन्हींमधली तफावत."

"तो का आला? कोणी आणला?"

कोणी बोलेना. त्याच क्षणी खालची गिरणीसुद्धा बंद पडली.

"काका," एमएसडब्ल्यू पोरांपैकी एकजण अदबीने म्हणाला, "तुम्ही."

टोयोटाचं तंत्र अचूक आहे याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. तो कागद पुढे बरेच दिवस भिंतीवर होता, आणि काट्याच्या मुळाशी कोणीतरी बारीक अक्षरात 'काका' लिहिलेलं होतं.

अशा वेळी अध्यक्ष मदतीला धावून येतात. त्यांचं वय झालंय, पण त्याग या विषयावर आवाज अजून खणखणीत. ते म्हणाले, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांनी शपथा घेतल्या, आयुष्यात स्वतःसाठी पैसा कमावणार नाही म्हणून. अण्णासाहेब कर्व्यांनी 1908 मध्ये निष्काम कर्म मठ काढला तो याच जातीच्या माणसांच्या जिवावर. अण्णासाहेब हिंगण्याहून पुण्याला पायी शिकवायला जायचे, कुठली आलीय जीप! जीपवाल्या मामांनी मान खाली घातली.

मलाही चेव आला. मी म्हटलं, लांब कशाला जायचं, आपल्याच तळेगावात बघा. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने घराघरातून वर्षाला एकेक पैसा मागितला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं, आणि त्या पैशापैशातून 1908 मध्ये इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला! इथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे देशभर काचेचे कारखाने चालवले! एक पैसा! त्यांना कोणी प्रेरणा दिली होती?

"काका," वाडीवरच्या ताईंनी विचारलं, "काळे प्रत्येक पैसा घेतल्यावर फोटो अपलोड करायचे का?"

हिशेबाच्या ताई तोवर गप्प होत्या. त्यांचं बोलणं नेहमी व्हाउचरसारखं, नेमकं आणि जोडपत्रासहित. त्या म्हणाल्या, "गोखल्यांच्या शपथा मी वाचल्यात. समाज आपली आणि आपल्या कुटुंबाची जी व्यवस्था करील तिच्यात समाधान मानीन, असं आहे त्यात. म्हणजे व्यवस्था समाजाने करायची, समाधान आम्ही मानायचं. समाधान मी जानेवारीपासून मानतेय. व्यवस्था राहिलीय."

अध्यक्षांनी पाणी मागितलं.

त्याच शपथांत आणखी एक आहे, कोणाशीही व्यक्तिगत भांडण करणार नाही, अशी. मला पूर्वी वाटायचं, देशसेवेच्या शपथेत हे बारीकसारीक कशाला? आता संस्थेत कपाटाच्या किल्लीवरून, पंख्याखालच्या खुर्चीवरून आणि अहवालात कोणाचा फोटो आला यावरून जे महाभारत होतं ते पाहिल्यावर पटलं की गोखल्यांना संस्था म्हणजे काय ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तर शिबिर. एकतीस मार्चच्या आत म्हटल्यावर मुहूर्त नसलेला रविवार पाहून मंगल कार्यालयाचा हॉल स्वस्तात घेतला. रविवार हा कार्यकर्त्यांचा एकुलता एक सुट्टीचा दिवस असतो, आणि मार्चअखेर म्हणजे हिशेबाच्या ताईंना श्वास घ्यायलाही वेळ नसतो, हे माझ्या नियोजनात बसलं नव्हतं. फ्लेक्स मात्र मी जातीने करून घेतला. जिजामाता चौकातल्या दुकानदाराला मजकूर मोबाइलवर पाठवला, रात्री उशिरा, चष्मा न लावता. सकाळी हॉलवर गेलो तर स्टेजवर दहा फुटी अक्षरांत झळकत होतं:

ताणयुक्त कार्यकर्ता, प्रेरित कार्यकर्ता!

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुम्ही पाठवलं तेच छापलंय. आम्हाला वाटलं, संस्थेचं धोरण असेल." भट्टीवरच्या ताईंनी शांतपणे पिशवीतून कार्डशीट काढली, वर्गात मुलांना अक्षरं शिकवायला कापतात तसा एक सुबक 'म' कापला, आणि खुर्चीवर चढून 'यु'च्या जागी 'मु' करून टाकला. डिंक तेवढा ओला होता.

व्याख्याते नाशिकहून येणार होते. मोठे प्रेरणादायी वक्ते, 'अडथळा म्हणजेच वाट' हा त्यांचा विषय. साडेनऊला फोन आला, चाकणमध्ये अडकलोय. दहाला आला, अजून चाकणमध्येच आहे. तळेगाव-चाकण रस्ता ज्याने पाहिलाय त्याला हे नवं नाही. तिथे कंटेनरच्या मागे कंटेनर असा उभा असतो की माणसाला अडथळा दिसतो, वाट दिसत नाही. अकराला त्यांनी फोन केला तेव्हा आवाजात प्रेरणेचा लवलेश नव्हता.

मधल्या वेळात जेवणही आलं. जेवण दुपारी साडेबाराचं सांगितलेलं, पण केटररला पुढे साखरपुडा होता, म्हणून तो साडेदहालाच श्रीखंड-पुरी आणि मसालेभात मांडून मोकळा झाला. गरम पुऱ्या वाट बघत बसत नाहीत. सगळे जेवले. पहाटे उठून घरचं आवरून आलेली माणसं, श्रीखंड, वर पंखे, सतरंजी. आणि स्टेजवर एकटा मी.

आधी मी फुग्यांचा खेळ घेतला. आपला ताण फुग्यावर लिहायचा आणि फुगा फोडायचा. हिशेबाच्या ताईंनी विचारलं, पुरवणी फुगा मिळेल का? मग हास्ययोग. हा हा, हो हो. मामा हसता हसता ठसकले, त्यांना पाणी पाजण्यात दहा मिनिटं गेली. तासभर तरी भरून काढायचा होता. म्हटलं, ध्यान घेऊ. पण ध्यानाला संथ आवाज लागतो, माझा तर त्या वेळी थरथरत होता. तेव्हा ती टेप आठवली. मोबाइल माइकला लावला, पडदे ओढले, म्हटलं, डोळे मिटून फक्त आवाजाकडे लक्ष द्या.

मोहरीच्या किमान साठ्यापर्यंत टेप पोचायच्या आत हॉल आडवा झाला होता. सतरंजीवर, खुर्च्यांवर, एकमेकांच्या खांद्यांवर. एमएसडब्ल्यू पोरं तोंड उघडी टाकून, हिशेबाच्या ताई पर्स उशाला घेऊन. भट्टीवरच्या ताई भिंतीला टेकल्या होत्या, चपला अजून पायांतच. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं माल तपासला, पण इतका वापरलेला माल मी एका जागी कधी पाहिला नव्हता. उठवायचं धाडस झालं नाही. टेप संपली की परत लावायचो, एवढंच काम मला उरलं.

आणि साहेब आले.

दारात उभं राहून त्यांनी हॉलवर नजर फिरवली. मी ओठांवर बोट ठेवून कुजबुजलो, "योगनिद्रा." त्यांनी समाधानाने मान हलवली, मोबाइल काढला, फोटो घेतला. नेमका त्याच वेळी पंख्याच्या वाऱ्याने डिंक सोडलेला 'म' भिरभिरत खाली आला आणि त्यांच्या बुटाशी पडला. साहेबांनी मान वर करून फ्लेक्स वाचला. परत खाली झोपलेल्यांकडे बघितलं. म्हणाले, "ऑनेस्ट मेसेजिंग. आवडलं." आणि गेले. पुढे कंपनीची छापील पुस्तिका आली, तिच्यात तो फोटो होता, अर्ध्या पानाचा. खाली ओळ: 'स्थलांतरित मजुरांसाठी रात्रनिवारा'.

चारच्या सुमाराला मंडळी उठली. अभिप्रायाच्या फॉर्मवर 'शिबिरातून काय मिळालं' या प्रश्नाला बहुतेकांनी 'झोप' असं एका शब्दात लिहिलं होतं. एकाने 'चांगली झोप' लिहून गुणवत्तेचा निकषही पाळला होता.

हॉल झाडताना मी आणि भट्टीवरच्या ताई दोघेच होतो. मी त्यांना अभ्यासाच्या आधारे सांगितलं की रात्री झोप येत नसेल, मन लागत नसेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 2022 पासून, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

"तो नंबर मीच वाड्यांवर वाटते, काका," त्या म्हणाल्या. "फोनही केलाय एकदा. चांगलं बोलल्या त्या बाई." मग सतरंजीची घडी करता करता म्हणाल्या, "पोरांचा त्रास नसतो हो. दिवाळीनंतर भट्टी पेटते, पोरं येतात, मार्चपर्यंत जोडाक्षरं येतात त्यांना. मग पावसाच्या तोंडाला एका सकाळी गेले की खोपटं मोकळी. ट्रक रात्रीच गेलेला असतो. 'येतो' म्हणायलाही कोणी थांबत नाही. कुठल्या गावचे, पुढच्या वर्षी कुठल्या भट्टीवर, काही कळत नाही. आणि त्याच आठवड्यात ऑफिसातून फोन येतो, गळती किती टक्के? कारणं काय? सुधारणा काय करणार?"

तो 'सुधारणा' नावाचा रकाना मीच वाढवला होता.

"मग काय करायला हवं?" मी विचारलं. खरंच विचारलं, तक्त्यासाठी नाही.

"जूनमध्ये आठ दिवस मला काही विचारू नका. आणि पगार सात तारखेला द्या. बाकी मी बघते."

सतरंजीची दोन टोकं माझ्या हातात होती, ती मी उलटी धरली होती. त्यांनी सरळ करून घेतली.

त्यानंतर मी चौथा तक्ता रद्द केला, आणि उरलेले तिन्ही स्वतः भरायला घेतले. मोजमापाची भूक असलेल्या माणसाला यासारखी मेजवानी नाही. अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत असतात, हे आधी माहीत असतं तर मी कुकरच्या वाटेला गेलोच नसतो. भट्टीवरच्या ताई आता वर्ग सुटला की सरळ घरी जातात. पगाराचं अध्यक्षांनी मनावर घेतलंय, म्हणजे दोन देणगीदारांना स्वतः जाऊन भेटलेत, त्यागावर न बोलता. एकाने होकार दिला.

पण मी सुधारलोय असा संस्थेचा समज झालेला नाही, आणि तो योग्यच आहे. एप्रिलच्या पहिल्या बैठकीला वेळेवर पोचलो तर सगळे आधीच जमून, चहा पिऊन, बैठक संपवून बसलेले. विषय एकच होता आणि तो एकमताने मंजूर झाला होता. एमएसडब्ल्यू पोरांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. रजेचा अर्ज, माझ्या नावाने, टाइप केलेला, कालावधी संपूर्ण जून महिना. फक्त सही करायची बाकी होती. 'रजेचं कारण' या ओळीवर लिहिलं होतं, 'कार्यकर्त्यांचं मानसिक स्वास्थ्य'.

मी सही केली. हिशेबाच्या ताईंनी अर्ज हातातून घेतला, खिडकीपाशी उजेडात धरून जिओटॅगसकट फोटो काढला, आणि साहेबांकडे पाठवायच्या युटिलायझेशन सर्टिफिकेटला 'प्रकल्पाचं प्रत्यक्ष साध्य' म्हणून जोडून टाकला.